आधी कुठे? निसर्ग आणि माणसं या दोघांसाठी जागांचा अग्रक्रम कसा ठरवायचा

प्रदेशाचा रंगीत नकाशा भिंतीवर लागला की बैठकीतला निम्मा वाद तिथेच मिटतो. लाल म्हणजे फार महत्त्वाचं, पिवळं मध्यम, हिरवं नंतर बघू. मग कुणीतरी लाल पट्ट्यावर बोट ठेवतं आणि म्हणतं, "चला, इथून सुरुवात करू." महत्त्वाचं कशासाठी, कुणासाठी आणि तिथे जाऊन नेमकं करायचं काय, हे विचारायचं राहूनच जातं.

जागा मौल्यवान असणं वेगळं आणि तिथे आधी काम करणं वेगळं. एखादं जंगल अप्रतिम असेल, पण पुढची वीस वर्षं त्याला कुणी हात लावणार नसेल, तर आज तिथे पैसा ओतून फारसं काही वाचत नाही. अग्रक्रम हा जागेचा गुण नाही. विशिष्ट उद्देशासाठी, विशिष्ट जागी, विशिष्ट काम करण्याला दिलेली ती पसंती असते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

या विषयाची सर्वांत गाजलेली यादी घ्या. ब्रिटिश पर्यावरणतज्ज्ञ नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये जैवविविधतेच्या 'हॉटस्पॉट'ची कल्पना मांडली आणि २००० साली सहकाऱ्यांसोबत असे २५ प्रदेश दाखवले. या प्रदेशांत उरलेला नैसर्गिक अधिवास जगाच्या जमिनीच्या जेमतेम १.४ टक्के, पण संवहनी (पाणी वाहून नेणाऱ्या ऊती असलेल्या) वनस्पतींच्या ४४ टक्के प्रजाती फक्त तिथेच सापडणाऱ्या. निकष दोनच होते: किमान १५०० प्रदेशनिष्ठ, म्हणजे इतर कुठेही न सापडणाऱ्या, वनस्पती आणि मूळ अधिवासाचा ७० टक्के किंवा अधिक ऱ्हास. आज ही यादी ३६ वर गेली आहे. जगभरातल्या देणगीदारांना पैसा कुठल्या खंडात पाठवावा हे सांगायला ती उत्तम आहे. पण तुमच्या समोरच्या पाच खोऱ्यांपैकी आधी कोणतं, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी खालचा रस्ता.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

कागदावर, नकाशा न उघडता. त्या वाक्यात पाच गोष्टी हव्यात: काय वाचवायचं, कुणाचं भलं व्हायचं, कोणतं काम करणार, किती काळात आणि किती पैशात. "या प्रदेशातली महत्त्वाची ठिकाणं शोधणे" हा प्रश्न नाही, ती इच्छा आहे. "पुढच्या दहा वर्षांत, हातातल्या पैशात, या नदीखोऱ्यातल्या कोणत्या ओढ्यांच्या काठची झाडी परत उभी केली तर गोड्या पाण्यातल्या दुर्मीळ माशांना आणि थेट ओढ्याचं पाणी पिणाऱ्या वस्त्यांना सर्वाधिक फायदा होईल?" हा प्रश्न.

काम बदललं की नकाशा बदलतो, हे लोकांना पटायला वेळ लागतो. जमीन संरक्षित करायची असेल तर चांगला अधिवास उरलेल्या जागा वर येतात. पुनरुज्जीवन करायचं असेल तर बिघडलेल्या पण सुधारता येण्याजोग्या जागा वर येतात. शिकार रोखायची असेल तर तिसऱ्याच. या तिन्हींसाठी एकच नकाशा वापरणारा आराखडा दिसला की मी पुढची पानं जरा संशयानेच वाचतो.

दुसरी पायरी: माणसं आधी, माहिती नंतर

तिथे राहणारे, गुरं चारणारे, मासेमारी करणारे, हंगामापुरते येणारे या सगळ्यांना आराखडा तयार झाल्यावर 'सूचना व हरकती'साठी बोलावण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती उलटी करा. कोणत्या गोष्टी मोजायच्या हे ठरवतानाच ते समोर हवेत. याला नैतिक कारण आहेच: ज्यांच्या जमिनीवर रंग भरायचा, त्यांची माहितीपूर्ण संमती आधी घ्यायची असते. पण निव्वळ व्यावहारिक कारणही आहे. उन्हाळ्यातले दोन महिने एखादा पाणवठा किती कळपांना तारून नेतो हे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. मोठ्या कागदावर गावकऱ्यांना स्वतःच रेघा ओढू द्या आणि दर हंगामाला वेगळा रंग द्या. बायकांचा गट वेगळा बसवा, कारण पाणी, सरपण आणि रानभाजी कुठून येते याचा त्यांचा नकाशा पुरुषांच्या नकाशाशी क्वचितच जुळतो.

तिसरी पायरी: प्रदेशाचे तुकडे पाडा

तुलना करायची तर एकक लागतं. चौकोनी जाळी, षटकोन, पाणलोट किंवा गाव, यांपैकी काहीही चालतं. मात्र ही निवड वाटते तितकी निरुपद्रवी नसते. पश्चिम घाटाचं उदाहरण बघा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ च्या अहवालात घाट साधारण ९ किलोमीटर बाजूच्या सुमारे २२०० चौकोनांत विभागून प्रत्येकाला गुण दिले आणि संवेदनशीलतेच्या तीन पातळ्या ठरवल्या. त्यानंतर कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ मध्ये उपग्रह प्रतिमांवरून 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' भूदृश्य वेगळं केलं, गाव हे एकक धरलं आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील म्हणून सुचवलं. डोंगर तोच, पण एकक आणि व्याख्या बदलल्यावर उत्तर बदललं. ९ किलोमीटरच्या चौकोनात घनदाट रान, शेतं आणि बाजारपेठ एकत्र सापडू शकतात. गाव धरलं तर अंमलबजावणी सोपी, पण ओढा गावाची हद्द ओळखत नाही.

माझा ठोकताळा असा: तुकडा तुमच्या माहितीपेक्षा बारीक नको आणि ज्या पातळीवर निर्णय होणार त्यापेक्षा मोठा नको. पाण्याचा प्रश्न मध्यवर्ती असेल तर डोळे मिटून छोटे पाणलोट घ्या.

चौथी पायरी: निसर्गाची माहिती, आणि तिच्यातली भोकं

फुकट उपलब्ध असलेलं साहित्य आज भरपूर आहे. प्रजातींच्या नोंदींसाठी जीबीआयएफ, पक्ष्यांसाठी ईबर्ड, धोक्याच्या पातळीसाठी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी, जमिनीच्या वापरासाठी युरोपीय अवकाश संस्थेचा १० मीटर स्पष्टतेचा वर्ल्डकव्हर, आणि हे सगळं एकत्र बघायला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर. २०१६ मध्ये ठरलेल्या जागतिक निकषांवर निवडली जाणारी 'प्रमुख जैवविविधता क्षेत्रं' आता जगभरात १६ हजारांहून अधिक आहेत. तुमच्या भागात त्यांपैकी काही आहेत का, हे पहिल्याच दिवशी तपासा.

भोकं मात्र ओळखून ठेवा. प्रजातींच्या नोंदी नकाशावर टाकल्या की बऱ्याचदा रस्त्यांचाच नकाशा उमटतो, कारण निरीक्षक गाडी जाते तिथेच जातात. नोंद नाही म्हणजे प्राणी नाही असं नव्हे. तिथे कुणी गेलंच नसेल. लाल यादीतले प्रजातींच्या वावराचे नकाशे तर ढोबळच असतात, ते किलोमीटरभराच्या तुकड्यांवर जसेच्या तसे बसवू नयेत.

आणि उपग्रह फसवतो. आमच्या एका कामात नकाशावर गडद हिरवा, सलग, देखणा पट्टा होता आणि तो यादीत तिसऱ्या क्रमांकावर आला होता. प्रत्यक्ष गेलो तर एकाच जातीच्या झाडांची सरळ रांगांतली लागवड. खाली ना झुडूप, ना वेल. उलट ज्याला नकाशाने 'विरळ झुडुपं' म्हणून तळाला टाकलं होतं, तो गवताळ माळ जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांनी भरलेला. तेव्हापासून पहिल्या वीसांतले पाच आणि शेवटच्या वीसांतले पाच तुकडे पायाखाली घातल्याशिवाय मी यादी कुणाला दाखवत नाही.

पाचवी पायरी: माणसांचं भलं मोजायचं कसं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबू.

नेहमीची पद्धत अशी: जंगल किती पाणी धरतं, किती कार्बन साठवतं, किती माती अडवतं याचे नकाशे बनवायचे आणि जिथे आकडे मोठे तिथे 'मानवी कल्याण जास्त' म्हणून मोकळं व्हायचं. पण हा झाला फक्त पुरवठा. निर्जन बेटावरचं जंगलही भरपूर पाणी धरतं. ते समुद्राला मिळतं, पीत कुणी नाही. निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या अशा फायद्यांना 'सेवा' म्हणतात, आणि सेवा तेव्हाच सेवा होते, जेव्हा तिच्या वाटेवर माणूस असतो. म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: निसर्ग इथे काय देतो, ते कुठल्या वाटेने जातं, आणि दुसऱ्या टोकाला कोण आहे?

वाट प्रत्येक सेवेची निराळी. पाणी उतारानेच जातं. परागीभवन करणाऱ्या मधमाश्यांचा पल्ला काही किलोमीटरचा, म्हणून शेताला लागून असलेली छोटी झाडीही मोलाची. कार्बन मात्र कुठेही साठवला तरी साऱ्या जगाला सारखाच, त्यामुळे स्थानिक भल्याच्या रकान्यात तो घालू नका. त्याचा रकाना वेगळा ठेवा. खारफुटी वादळाच्या लाटा अडवते, पण फक्त तिच्या पाठीशी असलेल्या वस्तीसाठी. ओडिशातल्या १९९९ च्या महाचक्रीवादळाच्या अभ्यासात ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा जास्त रुंद होता तिथे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. तीच खारफुटी निर्मनुष्य किनाऱ्यावर असती तर माशांसाठी मोलाची ठरली असती, वादळाच्या हिशोबात नाही.

वाट नीट ओळखली तर काय होतं याचं जुनं उदाहरण न्यूयॉर्क शहराचं. त्या शहराचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर या दूरच्या डोंगराळ पाणलोटांतून येतं. अब्जावधी डॉलर्सचा गाळण प्रकल्प उभारण्याऐवजी शहराने १९९७ मध्ये वरच्या गावांशी करार केला. जमीन विकत घ्यायची ती राजीखुशीने विकणाऱ्यांकडूनच, शेतकऱ्यांना शेणखत आणि ओढ्याकाठच्या व्यवस्थापनासाठी मदत द्यायची, गावांची सांडपाण्याची सोय सुधारायची. कोणत्या शेताचं पाणी कोणत्या जलाशयात उतरतं हे माहीत असल्यामुळेच पैसा नेमक्या उतारांवर गेला.

आता जवळून एक हिशोब. समजा दोन डोंगरउतार आहेत, पाणी धरण्याची ताकद सारखी. पहिल्याच्या खाली ४०,००० वस्तीचं शहर. त्याच्याकडे शुद्धीकरण केंद्र आहे आणि दुसऱ्या धरणाची जोडणीही. दुसऱ्याच्या खाली सहा वाड्या, मिळून ३,००० माणसं, झऱ्याचं पाणी थेट हंड्यात. डोकी मोजली तर पहिला उतार तेरा पटींनी जिंकतो. पण "हा झरा उद्या आटला तर परवा काय?" असं विचारा. शहराचं बिल थोडं वाढेल. वाड्यांतल्या बायकांची पायपीट वाढेल, पोरांची हगवण वाढेल, काही घरं उठून जातील. म्हणून लाभार्थींचे दोन रकाने करा: एकूण माणसं, आणि पर्याय नसलेली माणसं. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा, बेरीज करू नका. बेरीज केली की दुसरा रकाना पहिल्यात बुडतो.

सेवांसोबत जाचही मोजा. त्याच जंगलातून रानडुकरं शेतात उतरतात, हत्ती केळी झोपवतात. जंगल वाढवण्याचा फायदा खालच्या शहराला आणि नुकसान काठावरच्या शेतकऱ्याला, असं असेल तर ते कागदावर दिसलं पाहिजे. भरपाईची तरतूद आराखड्यातच लिहावी लागते, मागाहून कुणी देत नाही.

गणितासाठी इन्व्हेस्ट हे मोफत साधन बरं आहे. पाणी, गाळ, परागीभवन, किनाऱ्याची सुरक्षा यांसाठी त्यात तयार मॉडेलं मिळतात. पण मॉडेलने दिलेले टनाचे आकडे देववाणी समजू नका. कोणता तुकडा वर आणि कोणता खाली, एवढ्यापुरताच त्यांच्यावर भरवसा ठेवा.

एक भाबडी आशा मात्र सोडून द्या: जैवविविधतेच्या जागा आणि सेवांच्या जागा आपोआप जुळतील, ही. २००८ मध्ये चार सेवांचे जागतिक नकाशे जैवविविधतेच्या नकाशांवर ठेवून पाहिले गेले, तेव्हा दोन्हींची सरसकट सांगड आढळली नाही. काही ठिकाणी दोन्ही एकत्र सापडतात, ती ठिकाणं शोधणं हेच तर काम आहे.

सहावी पायरी: किती पुरे, हे ठरवा

प्रत्येक अधिवासासाठी, प्रत्येक प्रजातीसाठी, प्रत्येक वस्तीसाठी एक किमान आकडा. जैवविविधतेसाठीच्या डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल या जागतिक आराखड्याने २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचं लक्ष्य दिलं आहे. पण एकूण टक्केवारीचा मोह वाईट. ३० टक्के गाठण्याचा सोपा मार्ग म्हणजे कुणालाच नको असलेले उंच, खडकाळ, दूरचे प्रदेश कुंपणात घालणं. जगातली संरक्षित क्षेत्रं अशाच जागांकडे झुकलेली आहेत हे अभ्यासांतून दिसलं आहे. सुपीक सपाटीवरचे अधिवास तसेच उघडे राहतात.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमध्ये यावर साधा तोडगा काढला होता. समुद्री उद्यानाचे ७० जैवप्रदेश ठरवले आणि प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग मासेमारीबंद करायचा, असा नियम घातला. लोकांकडून ३१ हजारांहून अधिक निवेदनं आली, रेघा सरकल्या, आणि जुलै २००४ मध्ये मासेमारीबंद क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होतं ते सुमारे ३३ टक्क्यांवर गेलं. सोयीचा एकच भाग सगळा कोटा भरून देऊ शकला नाही, हे त्या नियमाचं यश.

सातवी पायरी: काही केलं नाही तर काय होईल?

संख्येत बघू. एका पठारावर १,००० हेक्टर चांगला अधिवास आहे. हात न लावता दहा वर्षांनी ९५० उरेल, काम केलं तर ९९०. कमाई ४०. एका ओढ्याकाठी ४०० हेक्टर आहे. काही न केल्यास १०० उरेल, काम केल्यास ३००. कमाई २००. तिसरीकडे खाणीला लागून ३०० हेक्टर, सोडून दिलं तर शून्य, जीव तोडून काम केलं तर २०. खर्च तिन्हीकडे सारखा असेल तर ओढ्याकाठ पहिला, आकाराने मोठं पठार नव्हे आणि सर्वाधिक धोक्यातली खाणीची कडही नव्हे.

खर्च मात्र कधीच सारखा नसतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दर चौरस किलोमीटरमागे संवर्धनाचा वार्षिक खर्च काही ठिकाणी ०.१ डॉलरहून कमी, तर काही ठिकाणी १० लाख डॉलर्सहून जास्त निघाला. जैवविविधतेतला फरक याच्या पासंगालाही पुरत नाही. तरीही बरेच आराखडे खर्चाचा रकाना शेवटी, घाईघाईत भरतात. आकडे नसतील तर जमिनीचा भाव, रस्त्यापासूनचं अंतर आणि तिथल्या लोकांचं बुडणारं उत्पन्न यांवरून अंदाज बांधा. कच्चा अंदाजही रिकाम्या रकान्यापेक्षा बरा.

आठवी पायरी: निवड, म्हणजे गुणांची उतरंड नव्हे

प्रत्येक तुकड्याला गुण द्यायचे, उतरत्या क्रमाने मांडायचे आणि वरचे घ्यायचे, ही सर्वांत लोकप्रिय चूक. 'क'मध्ये १ ते ६ क्रमांकाच्या प्रजाती आहेत, 'ख'मध्ये १ ते ५, 'ग'मध्ये फक्त ७ आणि ८. दोनच तुकडे परवडतात. उतरंड 'क' आणि 'ख' देते, हाती लागतात सहा प्रजाती. 'क' आणि 'ग' घेतले तर आठही. 'ग' एकटा गरीब दिसतो, पण 'क'ला पूरक आहे. आता 'घ' आणा. त्यात फक्त ६ क्रमांकाची प्रजाती, पण पर्याय नसलेल्या वाड्यांचा एकुलता एक झरा. गुणांच्या बेरजेत तो कधीच वर येणार नाही. "प्रत्येक अशा वाडीचा किमान एक झरा सुरक्षित हवा" हे सहाव्या पायरीत लिहिलं असेल, तर तो टाळताच येणार नाही.

तुकडे पन्नासच्या आत असतील तर हे काम तक्त्यावर हाताने होतं, आणि मी तर म्हणेन एकदा हातानेच करा. हजारोंच्या घरात गेले की मार्क्सान, झोनेशन किंवा आर या संगणकभाषेतलं प्रायोरिटायझर यांसारखं निवड करणारं सॉफ्टवेअर लागतं. मार्क्सान ठरलेली उद्दिष्टं कमीत कमी खर्चात गाठणारे बरेच चांगले संच सुचवतं. त्याला शंभरदा चालवून कोणता तुकडा किती वेळा निवडला गेला ते बघा. शंभरपैकी शंभर वेळा येणाऱ्याला पर्याय नाही. चाळीस वेळा येणाऱ्याच्या जागी शेजारचा चालेल, म्हणजे वाटाघाटीला वाव आहे. ही माहिती अंतिम नकाशापेक्षा मोलाची असते, कारण सगळे जमीनमालक हो म्हणणार नाहीत.

निवड तीनदा करा: फक्त निसर्गासाठी, फक्त माणसांसाठी आणि दोन्हींसाठी. मग ताडून बघा. निसर्गाच्या उद्दिष्टात थोडी ढील दिल्यावर पर्याय नसलेल्या वस्त्यांचा मोठा हिस्सा सामावतो का? बऱ्याचदा पहिली काही पावलं स्वस्त पडतात, नंतर प्रत्येक पाऊल महाग होत जातं. ते वळण कुठे येतं ते लोकांसमोर ठेवा. तिथे थांबायचं की पुढे जायचं, हा निर्णय संगणकाचा नाही.

नववी पायरी: हलवून बघा, मग दाखवा

खर्चाचे आकडे दीडपट करा, सर्वांत कच्चा माहितीस्तर काढून टाका, तुकड्यांचा आकार बदला. तरीही टिकणाऱ्या जागा ठळक रेघेने दाखवा, डळमळणाऱ्या तुटक रेघेने. सगळ्याच रेघा ठळक असलेला नकाशा खोटं बोलत असतो.

दाखवताना दोन पथ्यं. तस्करी होणाऱ्या प्रजातींची नेमकी ठिकाणं जाहीर नकाशात देऊ नका, ती मोठ्या चौकोनात मिसळून टाका. तसंच गावकऱ्यांनी विश्वासाने दाखवलेली देवस्थानं, औषधी वनस्पतींच्या जागा त्यांनी होकार दिल्याशिवाय छापू नका. आणि नकाशाच्या कोपऱ्यात माहितीचं साल मोठ्या अक्षरात लिहा. दोन वर्षांत पहिल्या दहांपैकी एखादा तुकडा हातचा गेला असेल, एखाद्या मालकाने नकार दिला असेल, कुठे नवा बंधारा झाला असेल. अशा वेळी अकरावा तुकडा आपोआप दहावा होत नाही. जे गेलं त्यात काय होतं ते आता दुसरीकडे कुठे मिळेल, हे शोधायला आठवी पायरी पुन्हा चालवावी लागते.